आरसा, धोतर आणि धेनुकाकट

मळवली स्टेशनावर उतरलेला पाहुणा आधी डोंगराकडे बघतो आणि मग स्वतःच्या पायांकडे. या दोन नजरांच्या मध्ये जो माणूस रामराम म्हणत पुढे होतो, तो मी. कार्ल्याची लेणी दाखवणं हा माझा धंदा. हल्ली गुडघे कुरकुरतात, तरी गाडीची शिट्टी ऐकली की हात आपोआप टोपीकडे जातो. दिवाळीच्या अंकासाठी या धंद्याविषयी काही लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मी घाबरलोच. तिसरीतून अर्ध्यावर शाळा सुटलेला माणूस मी. मावशी असती तर म्हणाली असती, "बोलतोस तसं लिही की वऱ्हाड्या. बोलताना कुटं घाबरतोस?" मावशीला माझं सगळं कळलं, एवढं एक कळलं नाही. मी बोलतानाही घाबरतोच. फक्त लेण्याच्या अंधारात ते कुणाला दिसत नाही.

मावशी माझी नात्याने कुणी नव्हे. मी मूळचा वऱ्हाडातला, पूर्णेच्या काठचा. वडील गेले, शाळा सुटली आणि रेल्वेत गँगमन असलेल्या मामाने मला लोणावळ्याला आणलं. आमच्याकडे जमीन ताटासारखी सपाट. इथे आल्यावर पहिले काही दिवस मी डोंगर अंगावर पडेल म्हणून भिंतीला पाठ लावून बसायचो. पुढे मामाची बदली निघाली, तेव्हा मी तापाने फणफणून आबांच्या ओसरीवर पडलो होतो. आबा म्हणजे मामाच्या ओळखीचे, लेण्यांच्या पायथ्याच्या गावातले एक शेतकरी. भाताची थोडी जमीन, दोन बैल, एक म्हैस, माझ्याच वयाचा एक मुलगा, आणि शेतीतून मोकळे झाले की पाहुण्यांना डोलीत बसवून वर न्यायचं काम. मामा म्हणाला, पोरगं बरं झालं की लावून द्या. मी बरा झालो. कुणी लावून दिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बरा झाल्यावर मी पहिलं वाक्य बोललो त्यात 'का'ऐवजी आमच्याकडचा 'काहून' हा शब्द आला. आबांची बायको, म्हणजे मावशी, हातातलं पीठ तसंच ठेवून हसली. मग शेजारणींना बोलावून तिने मला तेच पुन्हा बोलायला लावलं. त्या दिवसापासून मी वऱ्हाड्या झालो. माझं खरं नाव त्या घरात कुणाला विचारलंत तर आजही दोन घटका विचार करतील. पण ताटात पहिली भाकरी माझ्या पुढ्यात पडायची, हे मी विसरलो नाही.

आता धंदा सांगतो. कार्ल्याच्या मोठ्या लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. आत खांबांच्या रांगा, खांबांवर गुडघे टेकलेले हत्ती, हत्तींवर बसलेली जोडपी, वर लाकडाच्या कमानी. पण आतल्या बाजूला अंधार. मशाल पेटवावी तर दगड काळवंडतो. म्हणून आरसा. आमचा आरसा म्हणजे खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या मोडक्या कपाटाचा, ढालीएवढा, लाकडी चौकटीत बसवलेला. मी तो घेऊन बाहेर उन्हात उभा राहायचो आणि ऊन दारातून आत फेकायचो. आत आबा पांढरं धोतर ताणून उभे. ऊन धोतरावर पडायचं आणि धोतर मऊ उजेड खांबावर सोडायचं. धोतर निळीत घातलेलं चालत नाही, उजेड आजारी दिसतो. मावशी ते एक धोतर वेगळं धुवायची आणि आबांना ते नेसायची बंदी होती. लग्नकार्यातसुद्धा.

खरी हुशारी पुढे आहे. नक्षी बघायची तर धोतराचा उजेड समोरून लागतो. खांबावरची जुनी अक्षरं बघायची तर धोतर बाजूला करायचं आणि आरशाचा उघडा उजेड खांबाला घासून जाईल असा कडेने सोडायचा. समोरून टाकलात तर खांब कोरा दिसतो. कडेने टाकलात की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि नुकत्याच नांगरलेल्या वावरासारखी ओळ उठून दिसते. हे सगळं सूर्य कललेला असताना. सूर्य थांबत नाही, पाहुण्याचं समाधान होत नाही, आणि मधल्या मध्ये माझे हात भरून येतात.

पश्चिमेच्या तोंडामुळे एक पंचाईत कायमची. पाहुणे येणार सकाळच्या गाडीने आणि ऊन येणार दुपारनंतर. ही सकाळ कशी घालवायची, यातच आमच्या धंद्याचं निम्मं कसब. आधी एकवीरा आईचं दर्शन, मग बाहेरचा सिंहांचा खांब, मग खाली आबांच्या घरी आंबेमोहराचा भात आणि पिठलं. काही पाहुणे जेवूनच इतके खूष व्हायचे की लेणं राहिलं तरी चालेल म्हणायचे.

खंडाळ्याच्या बंगल्यातून एकदा एक पारशी आजी आल्या, दोन नाती बरोबर. डोलीत बसल्यापासून त्या आबांना बजावत होत्या की तू मला पाडणार. आबा न पाडता वर पोचले तेव्हा त्यांचा थोडा विरसच झाला. दुपार कलल्यावर मी उजेड टाकला आणि तो नेमका हत्तींवरच्या जोडप्यांवर. जुन्या काळची ती माणसं. अंगावर दागिने भरपूर, कपडा बेताचा. आजींनी काठी आपटली. "बत्ती बंद करो." मी घाबरून आरसा पालथा घातला. मग दोघी नाती बाहेर आल्या, त्यांना बाहेरच्या पडवीतले मोठे हत्ती बघायला पाठवलं होतं म्हणे. त्यांच्यामागून आजींचा आवाज आला. "अब चालू करो. धीरे धीरे." त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत मला हात खाली घेता आला नाही.

आणि एक गिरगावातले म्हातारे सुतार. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की या लेण्याचं दार एका सुताराने केलं आणि तसं तिथे कोरलेलं आहे. ते आले, कोट काढून त्याची घडी घातली, त्यावर डोकं ठेवलं आणि लेण्याच्या मधोमध उताणे झोपले. वरच्या लाकडी कमानी बघत राहिले. इकडून उजेड टाक, तिकडून टाक, एवढंच बोलणं. शेवटी उठून बसले आणि विचारलं, तो सुतार कुठला म्हणालात? मी म्हटलं, धेनुकाकटचा. हे कुठे आलं? मी म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही, ते नगर हरवलं. म्हाताऱ्यांनी कोट झटकला. "गाव गेलं आणि काम राहिलं. बरं झालं. उलटं झालं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं."

हे नगर हरवल्याचं मला कुणी सांगितलं, ते आता सांगायला हवं.

पुण्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर होते. दर हिवाळ्यात, भाताची झोडणी आटोपली की ते मळवलीला उतरायचे. काळा कोट, पायात वहाणा, आणि कोटाच्या खिशात चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली मोजायची टेप. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, शाळा किती? मी मान खाली घालून म्हटलं, तिसरी, अर्धी. ते म्हणाले, "मग उरलेली अर्धी इथे करू." त्यांनी काटकी घेतली आणि अंगणाच्या धुळीत ती जुनी अक्षरं काढून दाखवली. बेरजेचं चिन्ह काढलं की झाला क. घराच्या छपरासारखा ग. धनुष्यासारखा ध. मला आमच्या गुरुजींची छडी आठवत होती, आणि इथे मास्तर म्हणत होते, चुकलास तरी चालेल, धूळ पुष्कळ आहे. त्या हिवाळ्याअखेर मी एका खांबावरचं 'धेनुकाकट' स्वतः वाचलं. आबांनी बाजूला धरलेलं धोतर टाकून दिलं आणि बाहेर येऊन माझी पाठ थोपटली. मावशीने त्या दिवशी भातावर तूप वाढलं, घरात जेवढं होतं तेवढं.

मास्तर सांगायचे की हे खांब एखाद्या राजाने एकट्याने उभे केलेले नाहीत. एका मोठ्या नगरातल्या माणसांनी एकेक खांब दिला. त्यांत परदेशातून आलेले यवन होते, अत्तरं विकणारा गंधी होता, सुतार होता. खांबांवर त्या नगराचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आपल्या मुंबईसारखं गजबजलेलं ते व्यापाराचं नगर असणार, आणि आज त्याचा पत्ता नाही. कुणी म्हणायचं ते समुद्रकाठी होतं, कुणी म्हणायचं आणखी कुठे. मास्तरांचं मत ठाम होतं. इतके खांब देणारी माणसं लांबची नव्हेत. नगर इथेच, मावळातच, या डोंगरावरून दिसणाऱ्या जमिनीत कुठेतरी आहे. पुण्यातले त्यांचे स्नेही त्यांना यावरून चिडवायचे. धेनुकाकट मास्तर असं नावच पडलं होतं. ते हसून सांगायचे, पण एकदा डोलीत बसताना म्हणाले, "एक वीट मिळाली तरी पुरे रे. एकदा त्यांच्या पानात वाढायची आहे."

म्हणून ऊन येईपर्यंतच्या सकाळी आम्ही दोघे गावं हिंडायचो. मास्तर विचारायचे, शेतात जुन्या विटा, खापरं, काही निघतं का? प्रत्येक गावात उत्तर एकच. "आमच्यात न्हाई बा. पल्याडच्या गावात आसंल." पल्याडचं गाव पुढच्या गावाकडे बोट दाखवायचं. असं करत करत एकदा आम्ही इंद्रायणीच्या दोन्ही अंगांनी फिरून पुन्हा पहिल्या गावात आलो, आणि पहिल्या गावाने आम्हाला पुन्हा पल्याड पाठवलं.

आणखी एक गोष्ट मास्तरांच्या ध्यानात आली होती. ज्या गावात जावं तिथे ओटे, भिंती, गोठे ताजे सारवलेले. शेणाचा ओला वास दरवळतोय. ते मला कौतुकाने म्हणायचे, मावळातल्या बायकांसारखी स्वच्छता पुण्यातही नाही. मी हो म्हणायचो आणि दुसरीकडे बघायचो. मास्तर येतात ही बातमी गाडीच्याही आधी पुढे जायची. टेपवाला आला, एवढं कळलं की घरोघर शेण कालवलं जायचं.

याचं कारण मावळाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पलीकडच्या खोऱ्यात वीज कंपनीचं तळं झालं. त्या पाण्यावर वीज होते आणि मुंबईच्या गिरण्या फिरतात. तळं व्हायच्या आधी तिथे टेपवाले आले होते. त्यांनी जमीन मोजली, खुंट्या मारल्या, आणि मग गावंच्या गावं उठली. मावशीचं माहेर त्या तळ्याच्या तळाशी आहे. तेव्हापासून आमच्या भागात टेप बघितली की माणूस आपली जमीन पायाखाली घट्ट दाबून उभा राहतो. वाघ परवडला, टेप नको. मास्तर हे हरवलेलं नगर शोधतात म्हणजे काय, तर ते सापडलं की सरकार येणार, कुंपण घालणार आणि आपल्याला उठवणार, एवढं सरळ गणित. ते अगदीच चूक होतं असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आणि विटा होत्या. दुसऱ्या कुणाच्या नव्हे, आमच्याच घरात. आबांच्या वडिलांनी गोठ्याचा पाया खणताना त्या निघाल्या, आणि त्यांनी त्या विटांचीच जनावरांची गव्हाण बांधली. मी दर आठवड्याला ती गव्हाण सारवायचो. तिच्या विटा एवढ्या लांब कशा, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. एका सकाळी मास्तर सांगायला लागले की त्या काळची वीट आजच्यासारखी नसते. लांबीला हातभर, रुंदीला भरपूर, जाडीला कमी. ते हे सांगत होते तेव्हा आमच्या गोठ्यात उन्हाच्या तिरिपीत बसले होते, गव्हाणीला पाठ लावून. म्हैस त्यांच्या टोपीचा वास घेत होती. दारात मावशी सूप घेऊन उभी. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि मी घाईने मास्तरांच्या पुढ्यात ताक ओतलं.

त्यानंतरचे हिवाळे मी कसे काढले ते मलाच माहीत. मास्तर आमच्याकडे यायचे आणि बसायचे नेमके तिथेच. जागा उबदार आहे म्हणायचे. ते हात मागे नेऊन गव्हाणीच्या काठावर ठेवायचे की माझा घास अडकायचा. ज्या घराने मला दारातून आत घेतलं ते एका बाजूला, आणि ज्या माणसाने माझी अर्धी शाळा पुरी केली तो दुसऱ्या बाजूला. दोघांच्यामध्ये शेणाचा एक थर. एकदा धीर करून मी मावशीपाशी विषय काढला. म्हटलं, मास्तर भला माणूस आहे, तो कुणाची जमीन घेणार नाही. ती चुलीपुढे बसली होती. तिने लाकूड आत सारलं.

"तळ्याच्या वक्ताला बी आसाच भला मानूस आलता. माझ्या आयच्या हातचं ताक प्याला. तिच्या पाया पडला. आन दुसऱ्या दिशी खुट्या मारल्या. मानूस भलाच आसतु रं. टेपच वंगाळ."

दुसऱ्या दिवशी गव्हाणीवर सारवणाचा जाड थर चढला होता. तो मावशीने स्वतः दिला होता. मी विसरेन अशी तिला भीती असावी.

असे हिवाळे जात राहिले. मास्तरांच्या डोळ्यांत पडदा वाढत गेला. आधी ते खांबाच्या अगदी जवळ जाऊन बघायचे, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले. एका मार्गशीर्षात ते आले ते नातवाचा हात धरून. नातू स्टेशनावरूनच परत गेला. मास्तर मला म्हणाले, डॉक्टरांनी आता डोळ्यांची आशा ठेवू नका म्हटलंय. या खेपेला गावं हिंडायची नाहीत. फक्त खांबावरची ती ओळ एकदा बघायची आहे.

आम्ही त्यांना डोलीतून वर नेलं. ऊन कलेपर्यंत ते एकवीरेच्या देवळापाशी बसून राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी ऐकत. मावशीही त्या दिवशी वर आली होती, नव्या तांदळाचा नैवेद्य घेऊन. दुपार कलली. आबांनी मास्तरांना आत नेऊन खांबासमोर उभं केलं. त्या दिवशीचं ऊन मी कधी विसरणार नाही, इतकं स्वच्छ होतं. मी आरसा धरला, उजेड कडेने खांबावर सोडला. बाहेरूनच मला दिसत होतं, ओळ उठली होती. धनुष्यासारखा ध, बेरजेचा क, सगळं जागच्या जागी. आतून मास्तरांचा आवाज आला.

"आणा उजेड."

उजेड खांबावरच होता, मी आरसा फिरवून तो ओळीवरून पुन्हा एकदा नेला. मास्तर पुन्हा म्हणाले, जरा हळू, "आला का रे उजेड?"

मावशी दाराशी येऊन उभी होती. तिने आत बघितलं, खांबावरचा उजेड बघितला, आणि उजेडात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघितलं. तिचं तोंड कसं झालं ते मला नीट दिसलं नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं. ती माझ्यापाशी आली.

"वऱ्हाड्या, आरसा खाली ठेव. त्यास्नी घराकडं घिऊन चल."

मावशीने काय ठरवलंय ते उतरताना आबांना कळलं होतं का, मला ठाऊक नाही. मला कळलं होतं, आणि मी दर वळणावर डोलीचा दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होतो. घरी आल्यावर मावशीने म्हैस बाहेर काढली. मास्तरांना गव्हाणीपाशी बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर पदर खोचून उभी राहिली.

"मास्तर, टेप कुटंय?"

मास्तर गोंधळले. खिशात आहे म्हणाले. द्या म्हणाली. त्यांनी ती चामड्याची डबी काढून पुढे केली. मावशीने ती घेतली आणि खुंटीला अडकवली, बैलांच्या घुंगरमाळेच्या शेजारी. मग कळशीभर पाणी गव्हाणीवर ओतलं. विळ्याच्या पाठीने सारवणाचे थर खरवडले. थरावर थर, इतक्या वर्षांचे. खाली लाल वीट दिसायला लागली. तिने मास्तरांचा हात धरला आणि त्या विटेवर ठेवला.

मास्तर आधी नुसतेच बसले. मग त्यांची बोटं विटेच्या कडेवरून चालायला लागली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एक वीत, दुसरी वीत, वर चार बोटं. मग जाडी. मग दुसरी वीट, पुन्हा पहिल्यापासून. त्यांचे ओठ हलत होते. खरं सांगतो, मला ते नगर सापडल्याचा आनंद अजून झालेला नव्हता. मला एवढंच दिसत होतं, की आता या माणसाने तोंड उघडलं तर उद्या पुण्याला कळणार, परवा साहेब येणार. आणि नाही उघडलं तर तो जन्मभराचा शोध इथे गोठ्यात टाकून जाणार. मावशीचंही तेच चाललं असणार. कारण ती विळा हातात तसाच धरून उभी होती.

शेवटी तिने विचारलं, "हेच का तुमचं गाव?"

मास्तर हसले. असं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. दात नसलेलं, पोटातून आलेलं, लहान मुलासारखं. म्हणाले की वीट त्याच काळची आहे, यात त्यांना शंका नाही. पण एवढ्याने नगर ठरत नाही. हे एखाद्या व्यापाऱ्याचं घर असेल, किंवा भिक्षूंचं धान्य ठेवायचं कोठार. खणल्याशिवाय कळायचं नाही. खणायचं म्हणताच मावशीची मूठ विळ्यावर आवळली. मास्तरांना ते दिसलं नाही. पण गोठ्यात कोण कसं उभं आहे ते त्यांना कळलं असावं. हात विटेवरून न उचलता ते म्हणाले,

"मावशी, मी आंधळा माणूस. मी कुठे काय बघितलंय?"

मावशीने विळा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि माझ्यावर खेकसली की मास्तर केव्हाचे बसलेत, ताक कोण आणणार?

त्या संध्याकाळी त्या गोठ्यात जी जेवणाची मजा आली ती आजपर्यंत एखाद्या लग्नातही आलेली नाही. मास्तर गव्हाणीशेजारीच जेवायला बसले, ओटीवर यायला तयार नव्हते. डाव्या हाताने वीट चाचपायची, उजव्या हाताने भात कालवायचा. मध्येच सांगायला लागले, इथे दिवा लागत असेल, इथून माणसं बाजाराला निघत असतील, गंधी अत्तराची कुपी घेऊन, यवन त्याच्याशी मोडक्यातोडक्या भाषेत घासाघीस करतोय. आबांनी विचारलं की तो यवन 'काहून' म्हणायचा का? मावशीला इतकं हसू आलं की तिच्या हातातली पळी ताटात पडली. मीसुद्धा हसलो. इतक्या हिवाळ्यांनंतर पहिल्यांदा माझा घास नीट खाली उतरला. सगळं आटोपल्यावर मावशीने शेण कालवलं. मास्तर म्हणाले, थोडं मलाही द्या. आणि आपल्या हातांनी त्यांनी ती गव्हाण सारवली, कोट काढून, बाह्या वर करून. चांगली सारवली असं म्हणता येणार नाही. मावशीने दुसऱ्या दिवशी पुन्हा हात फिरवला.

त्यानंतरही मास्तर काही हिवाळे आले. आता ते लेण्यावर जात नसत, टांगा थेट आमच्या दारात. पुण्यात स्नेह्यांनी विचारलं की सापडलं का धेनुकाकट, तर ते सांगायचे, नाही, पण तिकडे जेवण उत्तम मिळतं. हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना त्यांना पुन्हा तसंच हसू आलं. त्यांच्या पानात वीट वाढायची होती ना, असं मी एकदा विचारलं. तेव्हा म्हणाले, "त्यांना काय करायची आहे? तुझी म्हैस तिचा जास्त चांगला उपयोग करते."

टेप त्यांनी परत मागितली नाही. ती अजून खुंटीला आहे. मावशीने तिला हात लावला नाही आणि कुणाला लावूही दिला नाही. फक्त एकदा, नातीचा पाळणा बांधताना दोरी किती लागेल ते बघायला, तिने ती उतरवली. पाळणा मोजला आणि परत अडकवली. म्हणाली, एवढ्यापुरती चालते.

आता आबा नाहीत, मावशी नाही, मास्तरही नाहीत. लेण्यावर मी अजून जातो, पण आरसा माझ्याऐवजी दुसरे धरतात, मी आत उभा राहून अक्षरं दाखवतो. धेनुकाकट कुठे होतं, असं पाहुणे विचारतात. मी सांगतो, विद्वानांचं अजून एकमत नाही. हे खरंच आहे. पायथ्याला गावं पुष्कळ आहेत आणि गोठे त्याहून पुष्कळ. ज्यांना शोधायचं आहे त्यांनी खुशाल यावं, कुठेही ताक मिळेल.

वसुबारसेला मावशीची सून गायीची पूजा करते आणि गव्हाणीच्या काठावर पणती ठेवते. पणतीचा उजेड कडेने जातो, आमच्या आरशासारखाच. सारवण कितीही जाड असलं तरी त्या उजेडात विटांच्या कडा एकेक करून उठतात, आणि गायीचं नाक त्यांच्यावर सावली टाकत फिरतं. मी तेवढा वेळ तिथे बसतो, गव्हाणीला पाठ लावून. जागा उबदार आहे. मग दिवाळीचे पाहुणे यायच्या आत शेण कालवतो आणि पुन्हा एक हात देतो. माझं सारवण मास्तरांपेक्षा बरं आहे.